सोन्याची जुनी ड्रेस घड्याळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं ओळखीपाळखीची माणसं आजोबांचं, मामांचं, सासऱ्यांचं घड्याळ रुमालात गुंडाळून माझ्याकडे घेऊन येतात. काहींना नुकताच हा नाद लागलेला असतो आणि पहिलं घड्याळ घेण्याआधी चार गोष्टी विचारायच्या असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. विनंती एकच: हे वाचून होईपर्यंत घरातलं घड्याळ सराफाकडे मोडीला नेऊ नका.

ड्रेस घड्याळ म्हणजे नेमकं कोणतं?

शर्टाच्या बाहीखाली अलगद सरकतं ते. पातळ, गोल किंवा चौकोनी, दोन किंवा तीन काट्यांचं, चामड्याच्या पट्ट्यावरचं. फार तर एखादी तारीख. स्टॉपवॉच नाही, फिरणारी कडी नाही.

चौकोनी घराण्याचं मूळ म्हणजे १९१७ साली आकाराला आलेलं कार्टिएचं टँक. गोल घराण्याचं मूळ म्हणजे पाटेक फिलीपचं १९३२चं कालाट्राव्हा, मॉडेल क्रमांक ९६. त्याच वर्षी स्टर्न बंधूंनी पाटेक फिलीप विकत घेतली. हे स्टर्न मुळात तबकड्या बनवणारे, पाटेकला तबकड्या पुरवणारे. तबकडीवाल्यांनी घड्याळाची कंपनी घेतली आणि पुढे आणलं ते असं घड्याळ, ज्याच्या तबकडीवर जवळजवळ काहीच नाही! बारा खुणा, दोन काटे, खाली छोटा सेकंदकाटा. जेमतेम ३१ मिलिमीटरचं ते घड्याळ समोर ठेवलं की नंतरच्या चाळीस वर्षांतली बहुतेक गोल सोनेरी घड्याळं त्याची नातवंडं वाटतात.

व्हिंटेज कोणत्या काळापर्यंत म्हणायचं?

काटेकोर व्याख्या नाही. मी साधारण १९३० ते १९७५ धरतो. २५ डिसेंबर १९६९ला सायकोने ॲस्ट्रॉन हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरी आणि स्फटिकावर चालणारं, मनगटी घड्याळ विक्रीला आणलं आणि किल्लीच्या घड्याळांचं जग हादरलं. ते ॲस्ट्रॉन स्वतः १८ कॅरेट सोन्याच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, होतं आणि किंमत होती ४,५०,००० येन. म्हणजे सोन्याच्या घड्याळांचा जुना काळ संपवणारं घड्याळही सोन्याचंच होतं.

आमच्या घड्याळात सोनं किती असेल?

दहापैकी आठ जणांचा पहिला प्रश्न हाच. मशीन, तबकडी, काच आणि पट्टा बाजूला काढला, तर ३४-३५ मिलिमीटरच्या साध्या पुरुषी घड्याळाच्या १८ कॅरेट केसमध्ये ढोबळमानाने दहा ते पंधरा ग्रॅम धातू निघतो. त्यातलं शुद्ध सोनं पाऊण भाग. तोळ्याच्या आसपासचा हिशेब झाला हा. सोन्याचा भाव चढा असला की हा आकडा मोहात पाडतो, हे मला कळतं.

पण या मोहाने काय झालं ते सांगतो. जानेवारी १९८०मध्ये जगाच्या बाजारात सोनं औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेलं. त्याच सुमारास क्वार्ट्झमुळे किल्लीच्या घड्याळांना कोणी विचारेनासं झालं होतं. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या आणि युरोप-अमेरिकेत असंख्य सोन्याच्या केस भट्टीत गेल्या. आजही परदेशी बाजारात उत्तम मशीनं नुसती, केसशिवाय विकायला येतात, ती याच काळातली अनाथ मुलं.

आपल्याकडेही तेच झालं. नात्यातल्या एका काकूंनी मला एक काडेपेटी दिली होती. आत कापसावर ओमेगाचं तांबूस मशीन, तबकडी, काटे, सगळं शाबूत. केस नव्हती. घरात लग्न निघालं तेव्हा एका सराफाने केस उघडून मशीन बाहेर काढलं, केसचं वजन केलं, ते सोनं बांगड्यांच्या हिशेबात धरलं आणि मशीन परत देताना म्हणाला, "हे तुमचं राहू द्या, याला किंमत नाही." काकूंनी ते चाळीस वर्षं जपून ठेवलं. किल्ली दिली की ते अजून चालतं. ते पाहिल्यापासून मी कोणालाही सोन्याच्या वजनाचा आकडा आधी सांगत नाही. आधी झाकण उघडून मशीन दाखवतो.

१८ कॅरेट, १४ कॅरेट, ९ कॅरेट: घड्याळात इतकं कमी कसाचं सोनं का?

२२ कॅरेटची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे खटकतं. त्यात १९६३ सालची आठवण आहे. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आलं, १४ कॅरेटच्या वर दागिने घडवायला बंदी झाली आणि कितीतरी सोनारांच्या पोटावर पाय आला. तेव्हापासून १४ कॅरेट हा शब्द मराठी घरात हिणकस या अर्थानेच ऐकू येतो.

घड्याळात मात्र कस कमी असतो तो कामासाठी. केसचं झाकण दाबून बसतं, पट्ट्याच्या दांड्या लगच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) भोकांत रोज घासतात, किल्लीची दांडी सोन्यातून आरपार जाते. २२ कॅरेट एवढ्या वापराला टिकणार नाही. स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये १८ कॅरेट रूढ झालं. अमेरिकेत १४. इंग्लंडमध्ये १८ आणि ९ दोन्ही. बर्मिंगहॅमची डेनिसन कंपनी ओमेगा, लाँजिन, रोलेक्स यांच्या स्विस मशीनांसाठी तिथेच ९ कॅरेटच्या केस बनवायची. त्यातली बरीच घड्याळं नोकरीची पंचवीस-तीस वर्षं पूर्ण झाल्यावर भेट म्हणून दिलेली असतात. घडण इतकी भक्कम, की ९ कॅरेट म्हणून नाक मुरडू नये.

ठसे कसे वाचायचे?

झाकणाच्या आतल्या बाजूला, कधी लगच्या मागे किंवा कडेला ठसे असतात. घड्याळजीच्या डोळ्याला लावायच्या भिंगाशिवाय ते नीट दिसत नाहीत, तेव्हा दहापट मोठं दाखवणारं एक भिंग घ्याच.

स्विस केसवर स्त्रीचं मस्तक दिसलं तर ती स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेली हेल्वेशिया, म्हणजे १८ कॅरेट. खार दिसली तर १४ कॅरेट. १९९५पासून दोन्हींच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं, म्हणून १९५५चं म्हणून दाखवलेल्या घड्याळावर कुत्रा असेल तर केस नंतरची आहे किंवा बदललेली आहे. कुलपाच्या किल्लीचं छोटं चित्र आणि त्यात आकडा असेल, तर केस जिनिव्हाच्या कारागिराची. आकड्यावरून तो कोण हेही शोधता येतं. फ्रान्सचं गरुडाचं डोकं १८ कॅरेटचं. इंग्लंडमध्ये बिबळ्याचं मस्तक लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, आणि सोबतच्या एका अक्षरावरून ठसा कोणत्या साली मारला ते कळतं. इंग्लिश केसची ही गोष्ट मला फार आवडते. घड्याळाचा जन्मदाखला झाकणात कोरलेला असतो.

आता सावध करणाऱ्या खुणा. "प्लाके ओर" म्हणजे सोन्याचा मुलामा. त्याच्यापुढचा १० किंवा २० हा आकडा मायक्रॉनमधली जाडी आहे, कॅरेट नव्हे. "गोल्ड फिल्ड" आणि "रोल्ड गोल्ड" म्हणजे हलक्या धातूवर सोन्याचा पत्रा. "१४ के गोल्ड फिल्ड" यातले पहिले दोन शब्द ठळक आणि पुढचे झिजलेले असतात, त्यात खूप लोक फसतात. झाकणावर "स्टेनलेस स्टील बॅक" किंवा फ्रेंचमध्ये "फाँ आसिए" लिहिलेलं असेल, तर वरचा भागही बहुधा मुलाम्याचाच. लगची टोकं भिंगाखाली पाहा. मुलामा आधी तिथेच उडतो आणि खालचं पितळ किंवा पांढरा धातू डोकावतो.

सराफाकडून तपासून घेतलं तर चालेल का? हॉलमार्क लागतो का?

चालेल, पण कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. दागिन्यावरची एक रेघ कोणाच्या लक्षात येत नाही, घड्याळाच्या केसवरची कायमची दिसते. आम्लाचा थेंबही नको. कॅरेटोमीटर असलेल्या पेढीत जा. त्यात वस्तूला ओरखडा पडत नाही.

आपल्याकडच्या हॉलमार्कच्या सक्तीतून घड्याळं वगळलेली आहेत. जुन्या स्विस घड्याळावर आपला हॉलमार्क नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

मग मुलाम्याचं घड्याळ घेऊच नये?

घ्या की. १९६०चं पहिलं ग्रँड सायको १४ कॅरेट गोल्ड फिल्ड होतं आणि आज संग्राहक त्याच्यासाठी रांग लावतात. पैसे मुलाम्याचे द्या, एवढंच.

पहिलं घड्याळ कोणतं घ्यावं?

माझं मत विचाराल तर १९५० ते १९६५च्या दरम्यानचं ओमेगा, लाँजिन किंवा आयडब्ल्यूसी. मोठ्या नावांच्या तुलनेत ही परवडतात, मशीनं अव्वल आहेत आणि सुटे भाग अजून मिळतात.

ओमेगाचं कॉन्स्टेलेशन १९५२ साली आलं. मागच्या झाकणावर वेधशाळा आणि तिच्यावर आठ तारे. यातल्या एका तबकडीला इंग्रजीत पाय-पॅन म्हणतात. आपल्याला समजेल असं सांगायचं तर परात उपडी ठेवल्यासारखी: मधला भाग सपाट, कडा बारा पैलूंनी खाली उतरलेली. सकाळच्या तिरप्या उन्हात ते पैलू एकेक करून उजळतात. आतलं ५५१ किंवा तारखेसह ५६१ क्रमांकाचं ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप किल्ली भरणारं) मशीन लालसर तांबूस झळाळीचं असतं, आणि नीट राखलेलं असेल तर साठ वर्षांनंतरही दिवसाला काही सेकंदांच्या आत चालतं.

आयडब्ल्यूसीचं ८९ क्रमांकाचं हाताने किल्ली द्यायचं मशीन मला याहूनही प्रिय आहे. आल्बर्ट पेलाटन यांनी चाळीसच्या दशकात ते आखलं. त्यात दिखाऊ काही नाही, फक्त प्रत्येक गोष्ट हवी त्याहून जरा जाड, जरा मजबूत. लाँजिनमध्ये १९५४चं कॉन्क्वेस्ट आणि १९५७चं फ्लॅगशिप पाहा. दोन्हींच्या झाकणावर मिनाकारीची पदकं असतात. फ्लॅगशिपवरचं शिडाचं जहाज निळ्या मिन्यात फार सुरेख दिसतं.

त्यापुढची पायरी म्हणजे अतिपातळ घड्याळं. ला कोत-ओ-फे या डोंगरातल्या गावच्या पियाजेने १९५७ साली ९पी हे फक्त २ मिलिमीटर जाडीचं मशीन काढलं, आणि १९६०मध्ये १२पी हे २.३ मिलिमीटरचं ऑटोमॅटिक. व्हाशरॉन कॉन्स्टंटिनचं १००३ आणि ओडेमार पिगेचं २००३ याहूनही पातळ, १.६४ मिलिमीटर. खिशातलं दोन रुपयांचं नाणं काढा: साधारण तेवढ्या जाडीत स्प्रिंग, चाकं, मागेपुढे झुलणारं बॅलन्स चाक आणि माणिकाचे दगड. गंमत म्हणजे या दोन्ही प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मशीनांचं मूळ जेगर-लकूल्त्रच्या एकाच कारखान्यात आहे. म्हणून जेगर-लकूल्त्रचं स्वतःच्या नावाचं सोन्याचं घड्याळ दिसलं तर दुर्लक्ष करू नका. घरंदाज आहे आणि भाव अजून आटोक्यात आहे.

पाटेक पहिलं म्हणून घेऊ नका. खरेदीत चूक झाली तर ती पेलण्याएवढ्या किमतीवर शिका.

भारतात मिळणारी जुनी घड्याळं यात बसतात का?

फेवर ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ साली मुंबईत आली, वेस्ट एंड वॉच कंपनीचं नावही मुंबईशी घट्ट जोडलेलं. पण आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनगटावर होती ती यांची बहुतेक पोलादी घड्याळं. सोन्याचं घड्याळ आलं ते हुंड्यात, बक्षिसात, आफ्रिकेहून किंवा आखातातून परतलेल्या काकांच्या खिशात. म्हणून आपल्या घरांत ते कमी आहे, आणि आहे तिथे त्याच्यामागे नक्की गोष्ट आहे. ती विचारून लिहून ठेवा. कोणी, कोणाला, कोणत्या साली दिलं. एक चिठ्ठी पुरते.

तबकडी मूळची की रंगवलेली, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. तबकडी म्हणजे घड्याळाचा चेहरा, आणि रंगवलेल्या तबकडीने चांगल्या घड्याळाची किंमत निम्म्यावर येऊ शकते. आपल्याकडे जुनं ते चकचकीत करून देण्याची इतकी सवय, की परदेशी संग्राहकांनी ताज्या रंगवलेल्या, भडक तबकड्यांच्या घड्याळांना मुंबई स्पेशल असं नावच पाडलं. ते ऐकून वाईट वाटतं, कारण रंगवणाऱ्याचा हात बहुतेकदा कसबी असतो. त्याच्याकडे मूळ नमुना आणि यंत्रं नसतात.

भिंग लावा आणि घाई करू नका. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात, शाई किंचित उंचावलेली असते, मिनिटांच्या रेघा सोन्याच्या खुणांच्या बरोबर मध्यावर येतात. हाताने रंगवलेल्यात अक्षरं जाड-बारीक होतात, रेघ खुणेला हुकते, सेकंदाच्या वर्तुळाचे भाग असमान पडतात. तळाशी सहाच्या खाली "स्विस" किंवा "स्विस मेड" हवं. ते गायब असेल किंवा कडेखाली अर्धं दडलेलं असेल तर शंका घ्या. जुन्या कालाट्राव्हावर कंपनीचं नाव छापलेलं नसून कोरून त्यात मिना भरून भाजलेलं असतं, त्यामुळे ते भिंगाखाली जरा उठून दिसतं. तबकडी घासून साफ केली की पहिली झळ या नावाला बसते.

सत्तरच्या दशकातल्या काही तबकड्यांवर "स्विस"च्या दोन्ही बाजूंना ग्रीक अक्षर सिग्मा असतं. काटे आणि खुणा सोन्याच्या आहेत, असं ते सांगतं. पोलादी घड्याळावरही ते सापडतं, म्हणून त्यावरून केस सोन्याची आहे असं समजू नका.

पिवळटपणा, बारीक ठिपके, कडेला आलेली छटा हे दोष नव्हेत. साठ वर्षांचं वय आहे ते. मी स्वच्छ पण रंगवलेल्या तबकडीपेक्षा डागाळलेली मूळ तबकडी केव्हाही घेईन.

केस पॉलिश करून घेऊ का? फार ओरखडे आहेत.

नाही. सोनं मऊ आहे. दर पॉलिशला धातू जातो आणि धार जाते. लगचा वरचा सपाट भाग आणि बाजू जिथे मिळतात तिथे कारखान्यातून येताना स्पष्ट कड असते. तीन-चारदा चाक फिरलं की लग साबणाच्या वडीसारखे गोलमटोल होतात, ठसे पुसट होतात, झाकण सैल बसतं. गेलेलं सोनं परत येत नाही. ओरखडे राहू द्या.

प्लास्टिकची काच मात्र खुशाल घासा. टूथपेस्ट आणि मऊ फडकं घेऊन पाच मिनिटं गोल फिरवलं की ओरखडे निघतात. ओमेगाच्या मूळ काचेत अगदी मध्यभागी कंपनीची इवलीशी खूण असते. ती दिसली तर काच बदलण्याआधी दोनदा विचार करा.

मागे कोणाचंतरी नाव कोरलेलं आहे. किंमत कमी होते का?

बाजारात थोडी होते. मला स्वतःला नावं आवडतात. नाव घासून काढू नका, त्याने झाकण पातळ होतं आणि दाबलं की आत वाकतं.

मशीन पाहिल्याशिवाय घेतलं तर?

घेऊ नका. विक्रेता झाकण उघडायला तयार नसेल तर नमस्कार करून निघा. मशीनवरचं नाव, तबकडीवरचं नाव आणि झाकणातलं नाव जुळलं पाहिजे. मशीनच्या क्रमांकावरून साल काढा आणि केसच्या सालाशी ताडून पाहा. दोन-तीन घड्याळांचे भाग एकत्र करून बांधलेली जोडघड्याळं खूप फिरतात, आणि सोन्याची केस वाचली पण मशीन गंजलं अशा ठिकाणी तर हमखास.

टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवता आलं तर उत्तम. पूर्ण किल्ली दिल्यावर बॅलन्सचा झोका २५० अंशांच्या वर असला तर बरं. दोनशेच्या आसपास लटपटत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. पाटेक फिलीपकडे आपल्या जुन्या नोंदवह्या आहेत आणि शुल्क भरून त्यांतला उतारा मिळतो: मशीन आणि केसचे क्रमांक, कोणत्या साली बनलं, कधी विकलं गेलं. मोठ्या खरेदीत तो मागाच.

३१-३३ मिलिमीटर म्हणजे बायकांचं वाटत नाही का?

आठवडाभर घालून पाहा. आजची ४२ मिलिमीटरची सवय तेवढ्यात सुटते.

आणि खरोखर बायकांची सोन्याची घड्याळं?

या प्रश्नाची मी वाट पाहत असतो. सगळ्यात जास्त मोडीत गेली ती हीच. घड्याळ इवलंसं, त्याला सोन्याचं भरगच्च ब्रेसलेट, म्हणजे सराफाच्या तराजूत जड आणि संग्राहकाच्या यादीत शेवटी. पण त्या इवल्याशा केसमध्ये काय असतं ते पाहा. जेगर-लकूल्त्रचं १९२९चं १०१ हे मशीन जेमतेम एक ग्रॅम वजनाचं आहे. १९५३ साली राज्याभिषेकाच्या दिवशी राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या मनगटावर हेच मशीन असलेलं घड्याळ होतं. एवढं बारीक काम करणारे हात त्या काळी थोडे होते, आज त्याहून थोडे आहेत. आजीच्या डब्यात असं बंद पडलेलं घड्याळ असेल तर त्याला बांगडीच्या हिशेबात धरू नका. मागणी कमी असल्यामुळे ही घड्याळं आजही सोन्याच्या भावाच्या थोडी वर मिळून जातात, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या कोणालाही मी ती आधी दाखवतो.

आपल्या हवेत ही टिकतात का?

जपलं तर टिकतात. शत्रू आहे ओलावा. ड्रेस घड्याळाचं झाकण दाबून बसवलेलं असतं, पाणी अडवायची सोय जवळजवळ नसते. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर मी ही घड्याळं घालू नका असंच सांगतो. हात धुतानाही काढून ठेवा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या महिन्याने बदला. लोखंडी कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवू नका. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी घड्याळजीकडे. रविवार जाऊ द्या म्हणाल तर तेवढ्यात किल्लीची पोलादी दांडी गंजायला लागते.

सर्व्हिसिंग किती वर्षांनी? कोणाकडे?

वापरात असेल तर चार-पाच वर्षांनी. घड्याळ चालतंय म्हणजे ठीक आहे, असं नसतं. तेल वाळलं तरी ते चालत राहतं आणि चाकांच्या टोकांची झीज होत राहते. सर्व्हिसिंग म्हणजे पूर्ण खोलून, धुऊन, नवं तेल घालून जोडणं. झाकण उघडून पेट्रोलचा फवारा मारणं नव्हे.

घड्याळजी निवडताना एकच बघा: तो घड्याळ हातात घेतल्यावर आधी पाहतो की आधी बोलतो. पुण्यात रविवार पेठेच्या बाजूला, मुंबईत फोर्ट आणि दादरला अजून असे म्हातारे कारागीर आहेत, जे भिंग लावून मिनिटभर गप्प बसतात. काम सोपवताना स्पष्ट सांगा: पॉलिश नको, तबकडीला हात नको, बदललेला प्रत्येक जुना भाग पुडीत घालून परत हवा.

किल्ली देताना काय काळजी घ्यावी?

रोज ठरावीक वेळी, घड्याळ मनगटावरून काढून, सावकाश. किल्ली अडल्यासारखी वाटली की थांबा. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नका, आतले दाते त्या वेळी एकमेकांत अडकलेले असतात. १९५०पूर्वीच्या बऱ्याच मशीनांत धक्का झेलायची सोय नसते. टाळ्या वाजवतानासुद्धा ते हातात नसलेलं बरं.

खरेदी कुठून करायची?

जिनिव्हाचे मोठे लिलाव हे शिकण्याचं उत्तम ठिकाण. क्रिस्टीज, सदबीज, फिलिप्स, अँटिकोरम यांच्या जुन्या याद्या आणि बोली फुकट पाहता येतात. बोली लावताना खरेदीदाराचं कमिशन पंचवीस टक्क्यांच्या घरात असतं आणि त्यावर भारतात आणण्याचं सीमाशुल्क, हे आधी मांडा. परदेशातून स्वतः आणत असाल तर पावती जवळ ठेवा आणि विमानतळावर जाहीर करा. मगरीच्या कातड्याचा पट्टा असेल तर तो वन्यजीवांच्या नियमांत अडकतो. पट्टा काढून मागवा.

उलट दिशेनेही एक कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला पणजोबांचं खिशातलं घड्याळ पाठवण्याआधी चौकशी करा.

चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार इथे जरूर फिरा, डोळा तयार होतो. पण सोन्याचं म्हणून तिथे घाईने काही घेऊ नका.

गुंतवणूक म्हणून कसं आहे?

गुंतवणूकच करायची तर सोनं घ्या, त्याचा भाव रोज पेपरात येतो. घड्याळाचा भाव दुर्मीळता आणि अस्सलपणा ठरवतात, धातू नव्हे. नोव्हेंबर २०१६मध्ये जिनिव्हाच्या लिलावात पाटेक फिलीपचं १५१८ हे मॉडेल १.१ कोटी स्विस फ्रँकला गेलं. ते पोलादी होतं. त्याच मॉडेलची सोन्याची घड्याळं त्याहून पुष्कळ स्वस्त मिळतात, कारण सोन्याची जास्त बनली आणि पोलादी मोजून चार ठाऊक आहेत.

वडिलांचं एकच सोन्याचं घड्याळ आहे आणि आम्ही भावंडं तिघं. वाटणी कशी करायची?

हा प्रश्न गेल्या वर्षी दोनदा आला. किंमत काढून एकाने बाकीच्यांना पैसे द्यावेत, हा सरळ मार्ग आहे. मग मूल्यांकन घड्याळ जाणणाऱ्याकडून करून घ्या, सराफाकडून नको. दुसरा मार्ग एका घरात मी पाहिला. दोघी बहिणी आणि भाऊ, प्रत्येकाकडे एकेक वर्ष. दिवाळीच्या पाडव्याला घड्याळ पुढच्याकडे जातं. ज्याच्याकडे असेल त्याने त्या वर्षीची सर्व्हिसिंग किंवा पट्टा बघायचा आणि डब्यातल्या छोट्या वहीत एक ओळ लिहायची. धाकटीने यंदा लिहिलंय: "लेकीच्या पदवीदानाला घातलं. चार मिनिटं मागे पडलं होतं, दुरुस्त केलं."